राजाच्या कानातली कुजबूज

पेडण्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की भाटवाडा ही वस्ती लागते. तिथल्या देवळाचा वर्धापनदिन दर वर्षी नाटकाने साजरा होतो आणि त्या नाटकात कोणीही कधी पाठांतर करत नाही. हा आळस नव्हे. पाठांतर करणं म्हणजे प्रॉम्प्टरवर अविश्वास दाखवणं, असं तिथे पूर्वापार मानलं जातं. विंगेतून वाक्य यायचं, नटाने ते झेलायचं आणि लोकांपुढे फेकायचं, की झालं नाटक.

वाड्याचे प्रॉम्प्टर म्हणजे गोकुळदासबाब. रंगमंचाच्या डाव्या अंगाला फळ्यांची एक खोपी होती. तिच्यात बसून त्यांनी आधी वाड्यातल्या बापांना आणि मग त्यांच्या पोरांना बोलतं केलं होतं. वय झालं तसं त्यांना कमी ऐकू यायला लागलं, आणि कमी ऐकू येणारी माणसं जे करतात तेच ते करू लागले: मोठ्याने बोलू लागले. आता वाक्य आधी तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचं आणि मागाहून राजाच्या तोंडून यायचं. विनोद असला तर पुढच्या रांगेतल्या बाया राजाच्या आधीच हसून मोकळ्या व्हायच्या, आणि राजा बिचारा हशा ओसरल्यावर तोच विनोद सांगायचा.

हे राजेसाहेब एरवी प्राध्यापक होते. नाव रघुनाथ शेटगावकर. म्हापशाच्या बाजूच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, आणि कॉलेजच्या नवोन्मेष कक्षाचे प्रमुखही तेच होते. एका वर्षी त्यांनी हौसेने सगळा वर्ग नाटकाला बोलावला. पोरं पोट धरधरून हसली. लाटंबार्से गावची क्षमा गावस मात्र हसून झाल्यावर खोपीकडे बघत राहिली. संदेश एकाला पाठवायचा आहे आणि पोचतोय सगळ्या गावाला, असं काहीतरी तिच्या डोक्यात घोळू लागलं होतं. परतताना बसमध्ये शेजारी बसलेल्या साईशला ती म्हणाली, "हे सुटण्यासारखं आहे."

"काय?"

"सरांचं नाटक."

"ते सुटायला अजून दोन अंक हवे होते," साईश म्हणाला आणि झोपला.

पुढच्या वर्षभरात क्षमाने ते सोडवलं. यंत्राचं नाव तिने ठेवलं 'कुजबूज'. अख्खं नाटक फोनमध्ये भरायचं. फोन रंगमंचावरचं बोलणं ऐकतो, नाटक कुठवर आलं ते ओळखतो, आणि पुढचं वाक्य ज्याचं असेल त्याच्याच कानात, वाटाण्याएवढ्या श्रवणयंत्रातून हलकेच म्हणून दाखवतो. डोकं सगळं क्षमाचं. साईशचे हात सोन्याचे: श्रवणयंत्र टोपाखाली, दाढीत, पागोट्यात कसं लपवायचं, घामाने ते सरकू कसं द्यायचं नाही, हे सगळं त्याचं. फक्त त्याला चार माणसांपुढे उभं केलं की त्याची वाचा बसायची. हजेरी देतानासुद्धा तो नुसता हात वर करायचा.

नवोन्मेष कक्षात एक टेबल रिकामं होतं. ज्या टीमला ते टेबल मिळेल तिला वर्षभर खोलीची किल्ली, कॉलेजची यंत्रसामग्री आणि आपल्या कल्पनेचा धंदा उभा करायची मोकळीक. क्षमा आणि साईश सरांपुढे जाऊन उभे राहिले.

सरांनी श्रवणयंत्र कानात घालून पाहिलं, फोनपुढे मागच्या नाटकातलं एक वाक्य म्हटलं आणि पुढचं कानात ऐकलं. डोळे मोठे झाले. "अरे वा! हे म्हणजे गोकुळदासबाब खिशात!" मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "टीमप्रमुख साईश ना?"

"मी, सर," क्षमा म्हणाली.

"तू केलंयस ते दिसतंय गं. पण प्रमुख म्हणून साईशचं नाव घालू. नाटकं रात्रीबेरात्रीची असतात. मुलीने गावोगाव कसं फिरायचं?"

"सर, आता दहा वाजता भोंगा बंद करावा लागतो. कायदा आहे."

"तो मुद्दा नाही." सरांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे बोट केलं. "गेल्या खेपेला तिथे मुलगीच प्रमुख होती. हुशार. लग्न झालं, गेली दुबईला. तिची पाण्याची बाटली अजून तशीच आहे, बघ."

"आणि तिच्या आधी, सर?"

"आधी मुलगा होता. तो बोटीवर नोकरीला लागला."

"म्हणजे तोही गेलाच."

"गेला, पण बोटीवरून माणूस परत येतो गं!"

 मग साईशने आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं. "सर, मला यातलं काही समजावून सांगता येणार नाही. मला भाटवाडापण तिला विचारून सापडतो."

"शिकशील, शिकशील," सर म्हणाले. सर वाईट नव्हते. घरी त्यांची स्वतःची मुलगी बारावीला होती आणि तिला डॉक्टर करायला ते निघाले होते. प्रमुख म्हटला की मुलगा, हे त्यांना कोणी कधी विंगेतून सांगितलं होतं कोण जाणे, पण ते वाक्य त्यांच्या तोंडात पक्कं बसलं होतं. "शनिवारी आमचं नाटक आहे. माझ्या कानात हे नीट चाललं तर टेबल तुमचं. प्रमुख साईश. बोला, कबूल?"

क्षमाने मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्या खोलीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. बाहेर आल्यावर ती साईशला म्हणाली, "चाललं तर माझ्याच नावावर चालेल. नाहीतर ते टेबल मला नकोच."

"आणि सर?"

"सरांना पटेल असं आधी चालवू तर खरं."

शनिवारी दुपारी ती लाटंबार्शाहून स्कूटरने निघाली. वाटेत फोन बघायला नको म्हणून आलेले निरोप, आधी पाठवणाऱ्याचं नाव आणि मग मजकूर, वाचून दाखवायची सोय तिने फोनवर चालू केली होती. अस्नोड्यापर्यंत आईचे तीन निरोप फोनने तिला ऐकवले: जेवून निघालीस का, हेल्मेट घातलंस का, आणि घातलं नसशील तर घाल.

भाटवाड्यात मंडप सजला होता. गोकुळदासबाब खोपीच्या दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी क्षमाला नखशिखांत न्याहाळलं.

"तूच गो ती मशीनवाली?"

"होय."

"कानामागसून आयली आणि तिखट जाली!" ते गडगडाटी हसले. आवाज रस्त्यापर्यंत गेला. "ये, बस. बाईमाणूस हंय कधी बसूंक ना. कोणी नाका म्हटलां ना, पण कोणाक सुचलांच ना."

खोपीत खिळ्याला त्यांची नाटकाची वही टांगली होती. ती तशीच राहू दे म्हणून त्यांनी सांगितलं, आणि मग जरा ओशाळून, हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "माका एकदा पुढसून बघूचां आसा. सगळीं नाटकां माझीं कुशीसून बघून जालीं. राजाचां फक्त कान दिसता हंयसून."

श्रवणयंत्रं तीन होती. एक राजाला, एक सेनापतीला, एक प्रधानाला. प्रधान म्हणजे विठू, पेडण्याच्या बाजारातला मोटारसायकल पायलट, दुचाकीवरून भाडी मारणारा. त्याने श्रवणयंत्र कानात घालून विचारलं, "ह्यातून गाणीं येतलीं?"

"नाही. वाक्यं."

"मध्ये मध्ये एकादां गाणां लाय गो. प्रधानाक काम कमी आसा."

राणीचं काम करायला फोंड्याहून विनोदिनीबाय आली होती. बिदागी घेऊन गावोगावच्या नाटकांत उभी राहणारी नटी. एका मोसमात चाळीस गावं करायची, म्हणून सगळी वाक्यं तिला पाठ. तिने श्रवणयंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं. "माका नको गो. माझ्या कानात आधीच चाळीस राजे बोलतात." मग क्षमाच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "पण तुझ्या ह्या राजाला संभाळ. हा माणूस जे ऐकतो ते बोलतो. गेल्या वर्षी खोपीतून 'डास चावला' म्हणून आवाज आला, तर ह्याने छाती पुढे काढून तेही म्हटलं."

क्षमा हसली. तेव्हा तिने ते नुसतं गमतीचं म्हणून ऐकलं.

सांजेची आरती झाली आणि पडदा वर गेला. पहिला अंक असा झाला की वाडा थक्क. पहिल्यांदाच राजाची वाक्यं राजाच्या तोंडून आधी आली. विनोदाला लोक विनोदानंतर हसले. शेटगावकर सर मंचावर असे फिरत होते की जणू सिंहासन त्यांच्याच आजोबांनी करवून घेतलं होतं. पहिल्या रांगेत गोकुळदासबाब तोंडाचा आ करून बसले होते आणि मधूनच शेजाऱ्याला सांगत होते, "ह्या नाटकात लढाय आसा! माका म्हायतच नासलां!" खोपीत क्षमा फोनवर वाक्यामागून वाक्य सरकताना पाहत होती. साईश तिच्या मागे तारांच्या जंजाळात उकिडवा बसून आनंदाने डोलत होता.

दुसरा अंक. शत्रूचा वेढा पडला आहे. दरबार भरला आहे. प्रधान विचारतो, "महाराज, आज्ञा काय?" आणि राजाने म्हणायचं, "तोफा सज्ज करा!"

त्याच क्षणी क्षमाच्या फोनवर आईचा निरोप आला. फोनने दुपारपासूनच्या इमानाने तो वाचला. राजाच्या कानात.

महाराज दोन पावलं पुढे आले. उजवा हात आभाळाकडे गेला.

"आई!" ते गरजले. "येताना पोदेराकडचे उंडे पाव आण! कालचे शिळे होते!"

 विठू हात जोडून उभा होता. वीस वर्षं मोटारसायकलवर मागे बसलेली गिऱ्हाइकं सांगतील तिकडे वळण्याची त्याला सवय. त्याने लवून मुजरा केला. "जशी आज्ञा, महाराज. किती?"

 राजा कानाकडे लक्ष लावून उभा राहिला. कानाने दगा दिला नाही; आईचा पुढचा निरोप आला.

"धा!" राजा म्हणाला. "आणि दूध!"

मग मंडप फुटला. बाया एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. कोणीतरी खुर्चीवरून खाली गेला आणि तिथेच बसून हसत राहिला.  खोपीत क्षमाची बोटं फोनवर नाचत होती, आणि ती जे बटण शोधत होती ते सोडून बाकी सगळी बटणं तिला सापडत होती.

एवढ्यात सिंहासनाशेजारून विनोदिनीबाय उठली. पदर सावरला, हंशा अर्धा ओसरू दिला आणि घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "धन्य, महाराज! शत्रू वेशीवर आलेला असताना आपल्याला सैन्याच्या न्याहारीची आठवण! उपाशी सैन्य कधी जिंकलं आहे?"

टाळ्या पडल्या. सेनापती, ज्याला या प्रसंगात एकही वाक्य नव्हतं, तोसुद्धा उगीचच "कधीच नाही!" म्हणाला.

क्षमाला अखेर बटण सापडलं आणि निरोप वाचणं बंद झालं. पण त्या गडबडीत कुजबुजीची वाट चुकली. मंडपातल्या हशाने फोन बहिरा झाला होता. नाटक कुठे आहे हे त्याला काही केल्या उमजेना. पडद्यावर एक चाक गरगरत राहिलं. बाहेर राजा कान टवकारून उभा, प्रधान कान टवकारून उभा, सेनापतीही. तिघंही, तान्ही बाळं आईकडे बघतात तशी, खोपीकडे बघू लागली.

क्षमाने खिळ्यावरची वही ओढली, पान शोधलं आणि फोनचा माईक तोंडाशी धरला. आता स्वतःच वाचायचं. तेवढ्यात साईशच्या पायाखालून तार निसटली.

"अरे देवा, साईश, ती वायर धर!" ती म्हणाली.

माईक तिन्ही कानांना जोडलेला होता.

"अरे देवा!" राजा, प्रधान आणि सेनापती एका सुरात गरजले. "साईश! ती वायर धर!"

"धरली!" विंगेतून साईश ओरडला. माणसांपुढे न फुटणारा त्याचा आवाज पहिल्यांदाच साऱ्या भाटवाड्याने ऐकला, आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

क्षमाने तोंडावर हात दाबला. हसू इतकं दाटलं होतं की बरगड्या दुखायला लागल्या, आणि ती हसली असती तर बाहेर तीन माणसं खदखदून हसली असती. तिने डोळे मिटून एक श्वास घेतला. श्वाससुद्धा माईकपासून लांब घेतला. मग फोनवर राजाचा कान तेवढा निवडला आणि हळू, स्वच्छ म्हणाली, "तोफा सज्ज करा."

"तोफा सज्ज करा!" राजा गरजला, आणि त्याच्या आवाजात एवढी सुटका होती की शत्रू खरा असता तर तिथूनच परत फिरला असता.

पुढे नाटक क्षमाने चालवलं. राजाचं वाक्य राजाच्या कानात, प्रधानाचं प्रधानाच्या. थोड्या वेळाने तिला कळलं की नुसती वाक्यं द्यायची नसतात. ती थांबली की राजा थांबतो. ती हळू बोलली की राजाचा आवाज खाली येतो. तिसऱ्या अंकात राजाला आपल्या मुलाच्या मरणाची बातमी कळते. तिथे तिने मुद्दाम वाक्य दिलंच नाही, फक्त वाट पाहिली. आणि शेटगावकर सर, ज्यांनी आयुष्यात मंचावर कधी गप्प बसून पाहिलं नव्हतं, ते वाक्याची वाट बघत बघत खाली बसले, आणि समोरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

त्या शांततेत तिला जाणवलं की राजाची जीभ आपल्या हातात आहे. 'प्रमुख क्षमा' एवढे दोन शब्द आत्ता कुजबुजले तर हा माणूस भर दरबारात, मुलाच्या शोकात, तेही गळा काढून म्हणेल. तिचं बोट बटणावर होतं. साईशनेही ते ओळखलं असावं. तो तारेवरून डोळे वर करून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या भुवया 'म्हण, म्हण' करत होत्या.

क्षमाने वहीत लिहिलेलं वाक्य म्हटलं. नाटक गावातल्या मास्तरांनी लिहिलेलं होतं. त्यात आपलं काही घुसडायचा तिला हक्क नव्हता.

दहाला अजून थोडा वेळ असतानाच शेवटचा पडदा पडला. मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता. सर तसेच, टोप आणि दाढीसकट, माईकपाशी आले. आभार मानणं हे दर वर्षी राजाचंच काम. त्यांनी देवस्थान समितीचे आभार मानले, लाइटवाल्याचे मानले, विनोदिनीबायचे दोनदा मानले. मग छाती फुगवून म्हणाले, "आणि मंडळी, आज गोकुळदासबाबच्या जागी जे यंत्र बोललं, ते आमच्या कॉलेजात जन्मलं आहे. त्याचा कर्ता, टीमप्रमुख, आमचा विद्यार्थी साईश..."

दुसऱ्या अंकापासून ती एकच काम करत होती. वाक्य द्यायचं, चुकलं की दुरुस्त करायचं. आणि हे वाक्य चुकलं होतं. विचार करायच्या आधीच बोट राजाच्या कानावर गेलं.

"चूक," ती म्हणाली. "टीमप्रमुख क्षमा."

"चूक!" सर तितक्याच ठसक्यात म्हणाले. "टीमप्रमुख क्षमा."

आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनी ऐकलं.

 सरांनी हळूहळू मान खोपीकडे वळवली. क्षमाने बटणावरचं बोट काढून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पुढचं वाक्य तिने दिलं नाही. चूक दुरुस्त करणं तिचं काम होतं. बाकीचं भाषण ज्याचं त्याचं.

सर कान लावून उभे राहिले. कानात काहीच येईना.

"फुडें बोल रे!" पहिल्या रांगेतून गोकुळदासबाब ओरडले. त्यांना राहवलं नाही.

सरांनी टोपाखाली हात घातला. श्रवणयंत्र काढून तळहातावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. दाढी एका बाजूने सुटली होती. एवढी वर्षं या मंचावर उभं राहून, दरसालचे ठरलेले आभार सोडले तर, त्यांनी स्वतःचं एक वाक्य म्हटलं नव्हतं, आणि ते कसं म्हणतात ते त्यांना आठवत नव्हतं. 

"मंडळी," ते म्हणाले, "आत्ताचं... ते कानातलं होतं. मला... हे बघा, कोणीतरी सांगितल्याशिवाय बोलायची मला सवय नाही." कोणीतरी हसलं. सरही हसले, आणि मग आवाज जरा सुटला. "पण ते खरं आहे. मी चुकीचं बोललो होतो. मंचावर नाही, आधीच, माझ्या खोलीत. यंत्र तिने केलं. बंद पडलं तेव्हा नाटकही तिनेच ओढून नेलं. म्हणजे टीमप्रमुख ती. क्षमा..." ते अडकले. "क्षमा... आडनाव..." भांबावून त्यांनी श्रवणयंत्र परत कानाशी नेलं.

"गावस!" खोपीतून आवाज आला. यंत्रातून नाही; सरळ, मोकळा, सगळ्या मंडपाला. "क्षमा गावस! लाटंबार्से!"

"आवाज बरो आसा गो!" गोकुळदासबाब म्हणाले. "माकासुद्धा आयकूंक आयलो!"

"भायर ये, भायर ये!" बाया ओरडू लागल्या. क्षमा उठायला गेली, तर बसून बसून दोन्ही पाय बधिर झालेले आणि घोट्याला साईशची तार गुंडाळलेली. खोपीचं दार ठेंगणं. अखेर ती दोन्ही हात टेकून, रांगत, तारेचं शेपूट ओढत राजाच्या पायाशी बाहेर आली. तिच्या मागून, तार धरून, साईश. विठूने दोघांना बखोटीला धरून उभं केलं. विनोदिनीबायने स्वतःच्या गळ्यातला खोट्या मोत्यांचा सर काढून क्षमाच्या गळ्यात घातला आणि हसत हसत तिचा गाल ओढला.

"सोमवारी किल्ली घेऊन जा," सर म्हणाले. "ती बाटली टाकून दे आणि बस. आणि आता दोन शब्द बोल."

त्यांनी माईक तिच्या हातात दिला. तेवढ्यात दहा वाजले. साउंडवाला कायद्याचा माणूस. त्याने कळ दाबली. माईक मेला.

क्षमा मेलेला माईक धरून उभी राहिली. समोर सगळा भाटवाडा, आणि तिच्या कानात कोणीच नव्हतं.  तिला नुसतं हसू येत होतं. मग पहिल्या रांगेतून मदत सुरू झाली.

"म्हण, नमस्कार मंडळी!"

"म्हण, यंत्र माझां!"

"म्हण, देवाच्या कृपेन!"

"म्हण, फुडल्या आयतवारीं आमच्या वाड्यार येतां!" हे मागून कोणीतरी, बहुधा शेजारच्या वाड्यावरून नाटक बघायला आलेल्या माणसाने घुसडून दिलं.

तिने यातलं काहीच म्हटलं नाही. माईक खाली केला, पाय झटकून मुंग्या घालवल्या आणि जेवढा होता तेवढ्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या अंकात जी चूक झाली ती माझ्या फोनची होती. निरोप वाचणं बंद करायचं राहिलं. सोमवारी टेबलावर बसले की पहिलं काम तेच करणार आहे. पुढच्या नाटकात असं होणार नाही."

 सगळा मंडप एकदम ओरडला. बाया, पोरं, समितीची माणसं, खुर्चीवरून पडलेला आणि अजून खालीच बसलेला तो गृहस्थ, सगळे हात हलवत होते, आणि सगळ्यांच्या वर गोकुळदासबाबांचा आवाज होता:

"नाका गो! तां दुरुस्त करूं नाका! तांच बरां आसलां!"